घोडामैदान जवळ आहे, म्हणून चार शब्द

शाळेचा अश्वारोहण दिवस जवळ आला की हॉस्टेलमध्ये अभ्यासाच्या वेळापत्रकापेक्षा दावेदारांच्या याद्या जास्त तयार होतात. प्रत्येक हाऊसचे स्वतःचे जाणकार असतात. दिवे बंद झाल्यावरही कुजबुज चालूच राहते: उड्यांच्या स्पर्धेत कोणता घोडा पहिला येणार, कोण बार पाडणार, कोण पहिल्याच अडथळ्यापाशी अडणार. पैज बहुतेक वेळा रविवारच्या गुलाबजामची असते, त्यामुळे प्रकरण गंभीर असते.

या याद्यांना माझा विरोध नाही. मलाही त्या आवडतात. पण त्या ज्या पद्धतीने बनतात ती पद्धत मला पटत नाही. याद्या बनवणाऱ्या बहुतेकांचा हिशेब तीन गोष्टींवर संपतो: घोडा किती उंच, मैदानात किती जोरात पळतो आणि मागच्या वर्षी कोण जिंकला. सपाट शर्यतीसाठी हा हिशेब कदाचित चालेल. उडीसाठी तो अपुरा आहे. आणि या अपुऱ्या हिशेबाची किंमत शेवटी आपण नाही, घोडा मोजतो. म्हणून हा लेख.

मी हे सुट्टीत घरून लिहितो आहे. आमचे घर तमिळनाडूत, कुंभकोणमजवळ तिरुविसनल्लूरला आहे. वर्गातल्या मित्रांना हे नाव उच्चारता येत नाही, म्हणून थोडे सांगतो. तंजावरला मराठ्यांचे राज्य स्थापन केले ते छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी 1693 च्या सुमारास आमचे गाव 46 पंडितांना इनाम दिले आणि त्याला शहाजीराजपुरम असे नाव पडले. दक्षिणेत हे राज्य आले ते घोड्यांच्या पाठीवरून, पण आज आमच्या गावात घोडा शोधून सापडत नाही. तंजावर भागात घोडे दिसतात ते अय्यनार देवाच्या देवळापाशी, गावाच्या वेशीवर, भाजक्या मातीचे, रंगवलेले. ते घोडे फार रुबाबदार असतात. कधी अडत नाहीत, कधी लंगडत नाहीत, कधी थकत नाहीत. आमच्या याद्या वाचताना मला वाटते की आपण पागेतल्या घोड्यांनाही तसेच मातीचे समजतो.

आता मुद्द्यावर येतो.

मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर ज्या शर्यती होतात त्या सपाट मैदानावरच्या. उड्यांच्या शर्यतीचे खरे माहेर आयर्लंड आणि इंग्लंड. 1752 साली आयर्लंडमधल्या दोन गृहस्थांनी एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत, मधली कुंपणे आणि ओढे ओलांडत, घोडे पळवले आणि त्यातून या खेळाची सुरुवात झाली, असे सांगतात. इंग्रजीत मनोऱ्याला ‘स्टीपल’ म्हणतात, म्हणून ‘स्टीपलचेस’. यातली सर्वांत नामांकित शर्यत म्हणजे लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री मैदानावरची ग्रँड नॅशनल. अंतर जवळजवळ सात किलोमीटर, उड्या तीस.

दावेदारांची यादी किती भरवशाची असते हे पाहायचे असेल तर या शर्यतीचा इतिहास पाहावा. 1956 साली डेव्हन लॉक हा राजघराण्याचा घोडा तीसही उड्या मारून सर्वांच्या पुढे होता. शेवटची रेषा पन्नासेक यार्डांवर असताना, समोर काहीही नसताना, तो अचानक पोटावर बसला आणि शर्यत गेली. 1967 साली तेविसाव्या उडीपाशी एक मोकाट घोडा आडवा आला आणि पुढचे जवळजवळ सगळे घोडे एकमेकांत अडकले. मागून रखडत येणाऱ्या फॉइनेव्हनच्या स्वाराला वाट दिसली, तो त्या गर्दीतून पार झाला आणि जिंकला. ज्याच्यावर शंभरास एक असा भाव होता, त्याचेच नाव आज त्या उडीला आहे. दुसऱ्या बाजूला रेड रम. 1973, 1974 आणि 1977 अशी तीन वेळा तो जिंकला आणि मधली दोन वर्षे दुसरा आला. पाच वर्षे तीस-तीस उड्या, आणि एकदाही पडला नाही. माझ्या मते उडीच्या घोड्याची ओळख यात आहे. त्याचा एक दिवस बघू नका, त्याची सवय बघा.

मग आपण आपल्या मैदानावर काय बघायचे? माझ्या चार कसोट्या अशा.

पहिली, उडीच्या आधीची तीन पावले. घोडा बारकडे येताना पावले स्वतः जुळवतो की शेवटच्या क्षणी गडबडतो? कँटरमध्ये घोड्याचे एक पाऊल साधारण साडेतीन मीटरचे असते आणि जोडअडथळ्यांमधले अंतर त्याच हिशेबाने मांडतात. ज्याला पाऊल लांब-आखूड करता येते तो निम्मी लढाई तिथेच जिंकतो.

दुसरी, उतरणे. आपण सगळे उडीच्या वरच्या टोकाला टाळ्या वाजवतो. पण पुढचा अडथळा घेता येईल की नाही हे खाली टाप टेकल्यावर ठरते. उतरल्यावर मान वर येते का, लगाम न ओढता वळतो का, हे पाहा.

तिसरी, गुणांचे गणित. बार पडला की चार दोष. पहिल्यांदा अडला की चार दोष. पहिल्या फेरीत वेळेच्या आत आला की वेगाला वेगळे बक्षीस नाही. म्हणजे वाऱ्यासारखा धावून एक बार पाडणारा घोडा, शांतपणे स्वच्छ फेरी करणाऱ्याच्या मागेच राहतो.

चौथी, जोडी. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचे सुवर्णपदक रघुवीर सिंग यांनी ‘शहजादा’ या घोड्यावर मिळवले. 2018 ला जकार्तामध्ये फवाद मिर्झा यांनी ‘सीनियर मेडिकॉट’वर रौप्यपदक आणले आणि त्याच घोड्यावर ते टोकियो ऑलिंपिकची अंतिम फेरी खेळले. अश्वारोहणात स्वाराच्या नावाशेजारी घोड्याचे नाव लिहितात ते शोभेसाठी नाही. ते दोघे मिळून एक खेळाडू असतात.

या कसोट्या लावून आपल्या पागेतले चार प्रमुख दावेदार पाहू. नावे मुद्दाम लिहीत नाही, रंगावरून ओळखून घ्या.

सब्जा. सगळ्यांच्या यादीत पहिला. उंच, देखणा, परेडच्या दिवशी पाहुणे त्याच्याच बाजूला उभे राहून फोटो काढतात. वेग तर प्रश्नच नाही. पण त्याची उडी सपाट आहे, मागचे पाय तो आळसाने उचलतो. सरावात त्याचे बार पडतात ते बहुतेक मागच्या पायांनी, आणि स्वाराला ते कळतही नाही, कारण स्वार पुढे बघत असतो. मोकळ्या मैदानात मी त्याच्यावर पैज लावेन, उड्यांमध्ये नाही.

कुमैत. हा रेसकोर्सवरून निवृत्त होऊन आपल्याकडे आला. त्याच्या अंगात शर्यत अजून आहे. दुसरा घोडा पुढे दिसला की त्याला स्वाराची आठवण राहत नाही. पण एकट्याने फेरी मारायची असते तेव्हा तो वेगळाच होतो. मागच्या दोन महिन्यांत सरांनी त्याला दुडकीवर, जमिनीवर ठेवलेल्या बारांवरून खूप फिरवले, त्याचा परिणाम दिसतो. सीनियर गटात खरा धोका याचाच आहे.

अबलख तट्टू. याला कोणी यादीत घेत नाही, कारण तो ठेंगणा आहे. जोडअडथळ्यात अंतर मोठ्या घोड्यांसाठी मांडलेले असले की त्याला एक पाऊल जास्त टाकावे लागते, ही त्याची खरी अडचण. पण लहान चणीला हसणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. मराठ्यांचे घोडदळ उंच अरबी घोड्यांपेक्षा दख्खनच्या काटक तट्टांवर जास्त उभे होते. भीमथडीचे घोडे उंचीसाठी नाही, दमासाठी प्रसिद्ध होते. ज्युनियर गटात अंतर त्याच्या पावलाप्रमाणे मांडले, तर पहिल्या तिनांत तो नक्की.

आणि पंचकल्याणी घोडी. चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा. जुने लोक म्हणतील, शुभ लक्षण. मी म्हणतो, लक्षण बाजूला ठेवा आणि तिला वळताना बघा. उतरल्यापासून पुढच्या वळणापर्यंत तिला सांगावे लागत नाही. नवशिक्याचे चुकलेले बूड, ओढलेला लगाम, घाबरलेली टाच, सगळे ती पोटात घालते. चारही कसोट्यांवर माझ्या यादीत तीच पहिली आहे.

आणि इथेच माझी खरी तक्रार सुरू होते.

ती सर्वांत भरवशाची म्हणून सर्वांनाच ती हवी असते. मागच्या वर्षी ती एकाच दिवसात पाच वेळा मैदानात उतरली: नवशिक्यांच्या गटात, ज्युनियर गटात दोनदा, सांघिक फेरीत आणि शेवटी सीनियर गटात. पाच वेळा, चार वेगवेगळे स्वार. पाचव्या फेरीत ती जोडअडथळ्यापाशी अडली. स्वाराने चाबूक उगारला, ती पुन्हा अडली आणि बाद झाली. रात्री मेसमध्ये एकच वाक्य ऐकू आले, ‘घोडी बिघडली.’ घोडी बिघडली नव्हती. तिने बोलता येत नाही अशा प्राण्याला जेवढे सांगता येते तेवढे स्पष्ट सांगितले होते की आता पुरे.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या खेळात हेच साऱ्या जगाने पाहिले. त्या खेळात स्वाराला स्वतःचा घोडा नसे. चिठ्ठीने मिळालेला अनोळखी घोडा, ओळख करून घ्यायला वीस मिनिटे, आणि एकाच घोड्यावर दोन स्वार. सेंट बॉय नावाचा घोडा पहिल्या स्वाराखाली आधीच अडला होता. तोच पुढे जर्मनीच्या आनिका श्लॉय हिला मिळाला. ती तोवर स्पर्धेत पहिली होती. घोडा अडला, ती रडू लागली, चाबूक वापरला गेला, तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला बुक्का मारला आणि प्रशिक्षिकेला स्पर्धेतून काढून टाकले. त्यानंतर काही महिन्यांतच त्या खेळाच्या संघटनेने अश्वारोहणच वगळायचे ठरवले. 2024 च्या पॅरिस स्पर्धेत ते शेवटचे झाले. शंभराहून अधिक वर्षांची परंपरा अशी संपली. अनोळखी घोडा, थोडा वेळ, अनेक स्वार आणि गुणांची घाई. आपल्या दिवसाचे वर्णन याहून फार वेगळे आहे का?

यावर मित्र दोन गोष्टी म्हणतात. पहिली, ‘हाऊसचे गुण जातात, त्याचे काय?’ दुसरी जास्त वजनदार आहे, ‘आपण सैनिकी शाळेत आहोत. थांबणे म्हणजे माघार. उद्या युद्धात घोडा थकला म्हणून थांबणार का?’

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. ग्रँड नॅशनलमध्ये दर वर्षी काही स्वार आपला घोडा मधेच शर्यतीतून बाहेर काढतात. निकालपत्रात त्यासाठी वेगळी नोंद असते आणि त्यात नामुष्की नाही. उलट 2025 साली तेरा वर्षांचा एक घोडा शेवटच्या टप्प्यात पुरता थकला तरी त्याच्या स्वाराने त्याला पुढे नेले. शर्यतीनंतर तो घोडा कोसळला आणि दोन-तीन दिवसांत मरण पावला. स्वाराला निलंबनाची शिक्षा झाली, ती कमी पळवल्याबद्दल नाही, न थांबवल्याबद्दल. आंतरराष्ट्रीय इव्हेंटिंगमध्ये तर क्रॉसकंट्रीनंतर उड्यांच्या फेरीआधी घोड्याला पशुवैद्य आणि पंचांसमोर चालवून, दुडकवून दाखवावे लागते. तो लंगडत असेल तर ऑलिंपिकचे पदक समोर असले तरी नाव कापतात. जो आपल्या तुकडीचा दम ओळखतो तोच चांगला अधिकारी, असे आपल्याला वर्गात शिकवतात. घोडा हा आपल्याला मिळालेला पहिला जवान आहे. तो हुकूम पाळतो, प्रश्न विचारत नाही, म्हणून तर त्याच्या वतीने विचार करणे आपले काम.

हाऊसच्या गुणांचे उत्तर सोपे आहे. नियम सर्वांना सारखा लागू झाला तर कोणाचेच गुण जात नाहीत.

नियम बदलता येतात, आणि बदलले की फरक पडतो. 2023 च्या ग्रँड नॅशनलमध्ये पहिल्याच उडीवर एक घोडा मरण पावला. पुढच्या वर्षी घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीसवर आणली आणि पहिली उडी सुरुवातीच्या रेषेजवळ घेतली, म्हणजे घोडे तिथे कमी वेगात पोहोचतील. 2024 मध्ये काही स्वार खाली आले, पण एकही घोडा पडला नाही. शर्यत कमी रंगली असे कोणी म्हटल्याचे मी वाचले नाही. आणखी एक उदाहरण मला फार आवडते. घोड्याला निळा आणि पिवळा रंग नीट दिसतो, लाल-हिरव्यातला फरक मात्र कळत नाही. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधनानंतर इंग्लंडमध्ये अडथळ्यांवरच्या नारिंगी पट्ट्या पांढऱ्या करायला सुरुवात झाली. इतकी वर्षे त्या पट्ट्या माणसाच्या डोळ्यांना दिसतील अशा रंगवल्या होत्या. उडी मात्र घोडा मारत होता!

म्हणून यंदासाठी माझ्या चार सूचना आहेत. सरांनी त्यावर विचार करावा ही विनंती.

एक, कोणताही घोडा दिवसभरात उड्यांच्या दोनपेक्षा जास्त फेऱ्यांत उतरू नये आणि दोन फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती असावी. दोन, प्रत्येक स्वाराला त्याचा घोडा निदान दोन आठवडे आधी ठरवून द्यावा, म्हणजे जोडी जमेल. तीन, आपले लाल बार नव्याने रंगवताना निळे-पांढरे किंवा पिवळे-पांढरे करावेत. रंगकामाला आम्ही कॅडेट तयार आहोत. चार, त्या दिवशी घोडा उतरवायचा की नाही याचा शेवटचा शब्द सईसकाकांचा असावा, आणि सर्वोत्तम घोड्याचे बक्षीस घ्यायला स्वाराबरोबर त्यांनाही मंचावर बोलवावे.

चौथ्या सूचनेला काही जण हसतील हे मला माहीत आहे. त्यांनी महाभारत आठवावे. अज्ञातवासात नकुलाने विराटाच्या घरी कोणते काम मागून घेतले? ग्रंथिक या नावाने तो पागेत राहिला आणि घोडे सांभाळले. पांडवांचा राजपुत्र, आणि त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. त्याच नकुलाच्या नावाने ओळखले जाणारे अश्वशास्त्र तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले आणि छापलेही. ज्यांच्या पूर्वजांनी घोड्यावर ग्रंथ सांभाळले, त्यांनी घोडा सांभाळणाऱ्याला मंचावर जागा द्यायला काय हरकत आहे? पहाटे चारला उठून जो पाय चाचपतो, खुरातला खडा काढतो, दाणा किती खाल्ला हे बघतो, त्याला कोणता घोडा आज ताजा आहे हे आपल्या सगळ्या याद्यांपेक्षा जास्त कळते.

यादी मागितलीच होती, तर माझा अंदाजही लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी पळवाट काढली म्हणायला नको. ज्युनियर गटात अबलख पहिल्या तिनांत. सब्जाचा निदान एक बार पडेल आणि तो तिसरा येईल. पंचकल्याणी दोनच फेऱ्या खेळली तर सीनियर गट तिचा, कुमैत दुसरा. पण ती पुन्हा पाच वेळा उतरणार असेल तर माझ्या यादीतून मी तिचे नाव आत्ताच कापतो, आणि मग माझा गुलाबजाम कुमैतवर.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी